खेळातली मोकळी जागा भरून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण व्हिडिओ गेमवर पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार. मराठी वर्तमानपत्रात गेमचा विषय निघतो तो बहुधा मुलांच्या हातातल्या मोबाइलपायी, नाहीतर पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपपायी. या लेखकाने मात्र स्वतः खेळून, चित्रांबद्दल आणि संगीताबद्दल आपुलकीने लिहिलं आहे. म्हणूनच त्यातल्या एका परिच्छेदाला उत्तर द्यावंसं वाटलं. 'होलो नाइट'बद्दल ते म्हणतात की जग प्रचंड आहे, पण कितीतरी खोल्यांत काहीच घडत नाही, खेळाडू नुसता चालत राहतो, आणि एवढे पर्याय हाताशी असताना इतका रिकामा वेळ आहे कोणाकडे? शेजारच्या चौकटीत प्रत्येक गेमपुढे किंमत, तास आणि तासामागे पडणारे रुपये असा तक्ता दिला आहे. माझं म्हणणं सरळ आहे. त्या रिकाम्या खोल्या काढल्या तर हा खेळच उरत नाही, आणि तासामागच्या रुपयांत तो मोजायला गेलं की नेमकी तीच गोष्ट हिशेबातून निसटते.

मी भूकरमापक आहे, लोकांच्या बोलण्यात मोजणीवाली बाई. दिवसभर माण तालुक्यातल्या गटांच्या हद्दी मोजायच्या आणि मग ऑफिसात बसून नकाशा करायचा, हे माझं काम. मुलगी नववीत आहे. तिच्या मामाने तिला लॅपटॉपवर हा खेळ घेऊन दिला. ती लढायची, मी शेजारी बसून भाजी निवडत बघायची. हळूहळू आमची वाटणी ठरून गेली. बॉस, म्हणजे वाटेत आडवा येणारा मोठा शत्रू, आला की कंट्रोलर तिच्याकडे, आणि दोन बॉसच्या मधली सगळी वाट माझी. लेखकाला जी वाट कंटाळवाणी वाटली ती मी पूर्ण चालले आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं समजते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या 'टीम चेरी' या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांच्या चमूने तो केला. अ‍ॅरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे त्यातले मुख्य दोघे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, ५७ हजारांहून जास्त जमले, आणि २४ फेब्रुवारी २०१७ रोजी खेळ बाजारात आला. जग बाजूने दिसतं, चित्रं हाताने काढलेली आहेत. उड्या मारत, भिंती चढत, फटीतून घुसत फिरायचं. हे जग म्हणजे 'हॅलोनेस्ट', जमिनीखालचं किड्यामुंग्यांचं एक राज्य, जे कधीच मोडून पडलं आहे. आपण एक इवलासा मुका योद्धा. तोंडावर पांढरा मुखवटा, हातात तलवारीच्या जागी खिळा. कुठे जायचं हे कोणी सांगत नाही.

खेळात सुरुवातीला लागणाऱ्या डर्टमाउथ गावापासूनच रिकामपण सुरू होतं. दिवे लागलेले आहेत, घरं आहेत, घरांना दारं आहेत, आणि माणूस म्हणावा तर एकच म्हातारा किडा बाहेर उभा. बाकीचे सगळे विहिरीतून खाली उतरले आणि परत आले नाहीत, असं तो सांगतो. पुढे आपण खाली जाऊन एखाद्याला सोडवलं की तो वर येऊन आपलं बंद दुकान उघडतो. त्या एका उघड्या दुकानाचा केवढा आनंद होतो! सुरुवातीलाच डर्टमाउथ बाजाराच्या दिवसासारखं गजबजलेलं दाखवलं असतं तर एका दुकानदाराच्या परत येण्याची कोणी दखलही घेतली नसती.

खाली गेल्यावरही तेच. वाटांवर दिशा दाखवणारे फलक आहेत, बाक आहेत, दिवे आहेत, प्रवासाची स्थानकं आहेत. स्थानकातली घंटा वाजवली की एक मोठा म्हातारा भुंगेरा धावत येतो आणि पाठीवर बसवून दुसऱ्या स्थानकावर सोडतो. त्याच्या बोलण्यातून हळूहळू कळतं की त्याच्या जातीचे इतर कोणी त्याला कित्येक दिवसांत दिसलेले नाहीत, आणि एकेक स्थानक उघडत जाईल तसतशी त्याला त्या ठिकाणाची आठवण येते. ही सोय अजून चालू आहे, वापरणारं मात्र कोणी उरलेलं नाही. राज्य कसं बुडालं याचा इतिहास कोणी भाषण करून सांगत नाही. तो या मोकळ्या फलाटांवरून आपोआप समजतो. आपल्या लेखकांनी जिथे 'काहीच घडत नाही' असं लिहिलं आहे, तिथे जे घडायचं ते आपण पोचण्यापूर्वीच घडून गेलेलं आहे.

आता नकाशाबद्दल, कारण ही माझी रोजची भाकरी आहे. बहुतेक गेम सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा देतात. त्यावर तुमचा ठिपका, पुढच्या कामाचा बाण, खजिन्यांच्या खुणा, सगळं तयार. 'होलो नाइट'मध्ये नव्या भागात उतरलात की हातात काहीच नसतं. चालता चालता जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात आणि कोणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो. तो कोणत्या बाजूने वाढतोय याचा अंदाज घेत जायचं. शेवटी एखाद्या कोपऱ्यात कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा बसलेला सापडतो. तो नकाशा विकतो, पण अर्धवट, त्याने जेवढं पाहिलं तेवढाच. उरलेला आपण भरायचा. त्यासाठी वर गावात त्याची बायको इसेल्डा दुकान मांडून बसते, तिच्याकडून लेखणी विकत घ्यावी लागते. लेखणी असली तरी नवी खोली पाय ठेवताक्षणी नकाशावर येत नाही. जवळचा बाक गाठून त्यावर बसायचं, तेव्हा ती उमटते. आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हेसुद्धा फुकट कळत नाही. त्यासाठी होकायंत्राचा ताईत लावावा लागतो, आणि तो लावला की दुसऱ्या एखाद्या उपयोगी ताईताची जागा जाते. वाट कळावी की अंगात बळ असावं, हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे प्लेन टेबल होतं, म्हणजे शेतात मांडून त्यावरच नकाशा काढायचा तो तिपाईवरचा फळा. पुढे ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन आलं, आता उपग्रहाच्या मदतीने मोजणारा रोव्हर आहे. रोव्हरने काम लवकर उरकतं आणि फरकही कमी येतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लोकांना मोजणीची तारीख लवकर मिळते, यापेक्षा चांगलं काय? पण प्लेन टेबलवर कागद लावून, शेताच्या चारी बाजू फिरून मोजलेले गट मला आजही तोंडपाठ आहेत. विहीर कुठे, धुरा कुठे वळतो, जुना हद्दीचा दगड कोणत्या बाभळीखाली, सगळं. कागदावर उमटलेली प्रत्येक रेघ आधी पायाखालून गेलेली असायची. टीम चेरीच्या माणसांनी हा अनुभव खेळात कसा काय आणला याचं मला मनापासून आश्चर्य वाटतं. बाकावर बसल्यावर चालून आलेल्या खोल्या नकाशावर एकेक करून उमटतात तेव्हा दिवसभराचं कच्चं टिपण शाईने पक्कं केल्याचं समाधान मिळतं. आणि हे जमतं ते मधल्या मोकळ्या खोल्यांमुळे. प्रत्येक पावलाला शत्रू असता तर डोळे शत्रूवर राहिले असते. खोलीला दोन दारं होती की तीन, डावीकडच्या कड्यावर आत्ता उडी पोचत नाही पण पुढे पोचेल का, हे बघायला सवड कुठून मिळाली असती? भिंत चढण्याची किंवा हवेतल्या हवेत दुसरी उडी घेण्याची शक्ती पुढे मिळते तेव्हा आधी राहून गेलेला तो कडा नेमका आठवतो. तो आठवतो, कारण तिथे थोडं थांबून नुसतं बघता आलेलं असतं.

एक जागा जरा सविस्तर सांगते.

राज्याच्या मधोमध 'सिटी ऑफ टिअर्स' नावाचं शहर आहे. तिथे अखंड पाऊस पडतो. जमिनीच्या पोटात पाऊस! उंच इमारतींच्या काचांवरून ओघळतो, फरशीवर उडतो, बंद घराच्या आत शिरलं की त्याचा आवाज बदलतो. तिथल्या एका बाकावर क्विरेल नावाचा प्रवासी बसलेला भेटतो. वर कुठेतरी पाण्याचा मोठा साठा असावा, असा अंदाज तो बोलून दाखवतो. एवढंच. कुठल्या यादीत त्याची नोंद होत नाही, कुठे बाण लुकलुकत नाही. मग कधीतरी, अगदी वेगळ्या कामासाठी, आपण पूर्वेकडच्या 'रेस्टिंग ग्राउंड्स'मध्ये पोचतो. ते या राज्याचं स्मशान. तिथून पश्चिमेला निघालं की 'ब्लू लेक' लागतं. लांबच लांब किनारा, निळसर उजेड, आणि समोर पाणी, ज्याचा पैलतीर दिसत नाही. लढायला कोणी नाही. आपण फक्त डावीकडे चालत राहतो आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

मुलगी म्हणाली, "आई, इथे काहीच नाही गं, चल ना परत." मी चालत राहिले. पुढे बाक मिळाल्यावर नकाशा उघडला आणि काही न बोलता बोटाने दाखवलं. तळं बरोबर शहराच्या डोक्यावर होतं. तिने वरून खाली, खालून वर दोन-तीनदा नजर फिरवली आणि म्हणाली, "म्हणजे तो पाऊस नाहीचे! हे तळं गळतंय." मग तिने लॅपटॉप ओढून घेतला, मला परत शहरात घेऊन गेली आणि एका इमारतीच्या काचेपाशी उभी राहून पाणी बघत बसली. जिला दोन मिनिटं लढाई नसली तर चैन पडत नाही ती पोर!

त्या किनाऱ्यावर दहा शत्रू ठेवले असते, एखादी पेटी ठेवली असती, वर 'तुम्ही गुपित शोधलं' अशी पाटी झळकवली असती, तर लेखकांच्या चौकटीत या जागेला चांगले गुण मिळाले असते. पण वरच्या तळ्याचा आणि खालच्या पावसाचा संबंध तिने स्वतः जोडला नसता. तो तिला कोणीतरी सांगितला असता, आणि ती "बरं" म्हणून पुढे गेली असती. आणखी एक गोष्ट सांगते. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडावीत. गोष्टीच्या शेवटाकडे क्विरेल याच किनाऱ्यावर पुन्हा भेटतो आणि शांतपणे बोलतो. नंतर गेलात तर तो नसतो, त्याचा खिळा तेवढा जमिनीत रोवलेला दिसतो. कसलं दृश्य नाही, रडकं संगीत नाही. मुलगी त्या दिवशी जेवताना मध्येच म्हणाली, "त्याला एकट्याला सोडायला नको होतं आपण." गजबजलेल्या जागी हे बसलंच नसतं.

खेळ स्वतःही पूर्णतेची टक्केवारी दाखवतो आणि ती ११२ पर्यंत जाते. बॉस, ताईत, शक्ती असं सगळं त्यात धरतात. तळ्याच्या किनाऱ्याने चालल्याबद्दल त्यात अर्धा टक्काही मिळत नाही. तरीही बनवणाऱ्यांनी ते तळं ठेवलं, निगुतीने रंगवलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात. गटातलं जे क्षेत्र पिकाखाली येत नाही ते त्यात जातं. वर्ग 'अ' मध्ये खडकाळ जमीन वगैरे, वर्ग 'ब' मध्ये ओढा, रस्ता असं. त्याला आकारणी नाही. मोजणीच्या वेळी हमखास कोणीतरी म्हणतं, "ताई, तिथं काय पिकतंय? कशाला दाखवताय ते?" पण ओढा नकाशात दाखवला नाही तर पावसाळ्यात पाणी कोणाच्या रानातून जाणार हेच कळत नाही, आणि पुढच्या पिढीची भांडणं तिथूनच सुरू होतात. ब्लू लेक, मोकळी स्थानकं, लांबलचक बोगदे हा हॅलोनेस्टचा पोटखराबा आहे. पीक शून्य, पण गटाचा आकार त्याच्यामुळेच समजतो.

सगळी रिकामी जागा चांगली, असं मात्र मी म्हणत नाही. याच खेळात बॉसने मारलं की शेवटच्या बाकापासून तीच वाट पुन्हा तुडवावी लागते. मेलेल्या जागी आपली सावली राहते, आपले सगळे पैसे तिच्यापाशी असतात, आणि तिथे पोचायच्या आत पुन्हा मेलो तर ते कायमचे गेले. पहिल्यांदा चालताना जी खोली शोध वाटते ती अशा वेळी नुसती शिक्षा होते. मुलीने एका बॉसपायी लॅपटॉप मिटून ठेवला होता तो चांगला आठवडाभर. तिथे लेखकांची तक्रार लागू पडते आणि ती त्यांनी करायला हवी होती. तसंच, सुरुवातीचा 'फरगॉटन क्रॉसरोड्स'चा भाग नवख्याला जड जातो, हेही खरं. होकायंत्र नाही, अंगात धावण्याची की भिंत चढण्याची शक्ती नाही, आणि सगळ्या वाटा करड्या. मुलीच्या मैत्रिणीने तिथूनच खेळ सोडला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण मोठ्या कंपन्यांचे काही गेम आहेत, ज्यांचं कौतुक त्याच लेखात 'भरगच्च जग' म्हणून केलं आहे, त्यांच्याबद्दल माझं मत उलट आहे. मैलोन्‌मैल डोंगर-दऱ्या, आणि नकाशा उघडला की शेकड्याने खुणा. इथे छावणी, तिथे पेटी, पलीकडे शर्यत. एक खूण पुसली की दुसरीकडे धावायचं. डोळे डोंगरावर नसतातच, खुणेवर असतात. एवढं सगळं भरूनही तिथली एकही दरी मला सांगता येणार नाही. खऱ्या अर्थाने रिकामं जग कोणतं म्हणायचं?

मोकळ्या जागेवर विश्वास ठेवणारे टीम चेरीच्या आधीही होते. स्वीडनचे निक्लास नायग्रेन, गेमच्या जगात 'निफ्लास' म्हणून ओळखले जातात, त्यांनी २००६ मध्ये 'क्निट' नावाचा चिमुकला खेळ फुकट देऊन टाकला. एका लहान जीवाचं अपहरण होतं, यान अनोळखी ग्रहावर कोसळतं, यानाचे विखुरलेले भाग गोळा करून परत जायचं. हातात शस्त्र नाही. फक्त चालायचं, भिंती चढायच्या, उड्या मारायच्या. वाट सुचेना तर एक बटण दाबलं की उजेडाचा झोत अंदाजे दिशा दाखवतो. एकेक पडदा म्हणजे स्थिर चित्र, काठावर गेलं की पुढचं चित्र. कुठे एखादा प्राणी आपल्या तंद्रीत बसलेला, कुठे नुसतं वारं. बोलणं जवळपास नाहीच. २००७ मध्ये आलेल्या 'क्निट स्टोरीज'मध्ये तर आपलं जग आपणच रचायचं साधनही दिलं होतं, आणि लोकांनी त्यात कितीतरी जगं उभी केली. हे दोन्ही खेळ अगदी साध्या विंडोज कॉम्प्युटरवर चालायचे. एक माणूस इतक्या कमी सामानात एखादा ग्रह उभा करू शकतो, याचं कारणच हे आहे की त्याने तो भरायचा अट्टहास केला नाही. आपल्या लेखकांनी 'क्निट' एकदा खेळून पाहावा ही विनंती. संध्याकाळ पुरते.

'सिल्कसाँग'चा, म्हणजे 'होलो नाइट'च्या पुढच्या खेळाचा उल्लेख लेखात आहे, म्हणून त्याबद्दलही लिहिते. ४ सप्टेंबर २०२५ ला तो आला तेव्हा खरेदीच्या गर्दीने ऑनलाइन दुकानं बंद पडली, आणि नुसत्या 'स्टीम' या एका दुकानावर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. २०१९ पासून लोक वाट बघत होते, त्यामुळे ते साहजिकच. इथे खाली उतरायचं नाही, वर चढायचं आहे. वाटेवर यात्रेकरू आहेत, गावांत फलक आहेत आणि फलकांवर लोकांच्या इच्छा टांगलेल्या आहेत. एकेक इच्छा उचलायची आणि पुरी करायची. नायिका हॉर्नेट बोलते, लोक तिच्याशी बोलतात. काम अत्यंत देखणं आहे, उड्यांची आणि लढाईची मजा तर पहिल्यापेक्षा जास्त. मुलीला हाच आवडतो. मला मात्र इच्छांची यादी हातात आल्यापासून पाय आपोआप यादीच्या मागे जाताना जाणवले. काही बाकांवर बसायलासुद्धा आधी पैसे मोजावे लागतात! पहिल्या खेळात आपण कोणाच्याच कामासाठी निघालेलो नव्हतो, म्हणून कुठेही थांबू शकत होतो. लेखकांना 'सिल्कसाँग' जास्त जिवंत वाटला. मला तो जास्त गजबजलेला वाटला, आणि या दोन्हींत फरक आहे असं माझं ठाम मत आहे.

आता चौकटीबद्दल. 'होलो नाइट' आला तेव्हा त्याची किंमत १५ अमेरिकन डॉलर होती. त्यानंतर २०१७ आणि २०१८ मध्ये टीम चेरीने खेळात चार मोठे नवे भाग जोडले आणि चारही फुकट दिले. तेव्हा तासामागच्या रुपयांत हा खेळ हरणार नाही, उलट बहुतेकांना मागे टाकेल. तरीही माझा आक्षेप कायम आहे. तास मोजायला लागलं की चांगला तास आणि भरीचा तास सारखाच धरला जातो. बनवणाऱ्यांनाही मग तेच शिकवलं जातं. तास वाढवा, खुणा वाढवा, कामं वाढवा.

हे मी तळमळीने लिहिते त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडेही आता गेम बनू लागले आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' आणला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून सांगितलेली. वाडे, कमानी, भिंतींवरची चित्रं इतकी सुंदर की मला त्या पोरीला घेऊन एखाद्या चौकात नुसतं हिंडावंसं वाटत होतं. पण वाट एकच आणि गोष्टीला पुढे जायची घाई. हा दोष म्हणून सांगत नाही. तो खेळ तसाच रचला आहे आणि आपल्या रचनेत तो उत्तम उभा राहतो. पण यापुढे पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, कुठेही बसून एखादा मुलगा किंवा मुलगी मोकळ्या फिरण्याचा खेळ रचायला घेईल, तेव्हा त्यांच्या वाचनात काय येईल? मराठीतलं गेमचं परीक्षण जर 'अर्ध्या खोल्यांत काहीच नाही' एवढ्यावरून गुण कापत असेल, तर ते पोर आपलं तळं पहिल्याच आठवड्यात बुजवून टाकेल आणि त्या जागी दहा शत्रू ठेवेल.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या. पहिली, पुरवणीतला तासामागच्या रुपयांचा रकाना काढून टाकावा. किंमत द्या, ती वाचकाला हवीच असते. दुसरी, त्या रकान्याच्या जागी परीक्षकाने चार ओळी लिहाव्यात. या खेळात नकाशा कसा मिळतो, वाट चुकली तर काय होतं, आणि कोणी हाकललं नाही तर कुठे थांबावंसं वाटतं. आम्हा आईबापांनाही मुलांसाठी खेळ निवडताना ही माहिती तासांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर 'सिल्कसाँग'चा परिच्छेद कापावा, ब्लू लेकचा कृपया ठेवावा.

आपली,
एक भूकरमापक वाचक
दहिवडी, ता. माण, जि. सातारा